प्लास्टिकच्या मालाची गोदामे व अग्निशामक तुषारयंत्रणा

माळशिरस तालुक्यातील वेळापूर परिसरात उसाबरोबर डाळिंबाची लागवडही होते. या बागायतीस लागणाऱ्या ठिबकच्या नळ्या, आच्छादनाचा कागद, फळांची क्रेट व विणलेली पोती यांचा साठा पुष्कळदा धान्यासाठी किंवा खतासाठी बांधलेल्या जुन्या गोदामातच केला जातो. इमारत तीच राहते. परंतु आगीचा धोका मात्र तोच राहत नाही. 18 मे 2025 रोजी सोलापूर येथील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्यास आग लागून 8 जणांचा मृत्यू झाला. साठ्याच्या जागी आग किती वेगाने पसरते, याची जाणीव गावपातळीवरही असणे जरूर आहे.

प्लास्टिक कसे जळते

एक किलो पॉलिथिन जळाले असता एक किलो लाकडाच्या सुमारे अडीच पट उष्णता बाहेर पडते. शिवाय ते वितळून तेलाप्रमाणे जमिनीवर वाहते व शेजारच्या थप्पीस खालून पेटविते. रिकाम्या क्रेटची रास विशेष धोक्याची होय. कारण तीत हवा भरपूर खेळते आणि वरून पडणारे पाणी आतील ज्वालेपर्यंत पोहोचत नाही. पी.व्ही.सी.चे कठीण पाइप त्या मानाने सहजी पेट घेत नाहीत. तथापि त्यांच्या धुरात हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ असते व ती श्वासास घातक असते.

तुषारयंत्रणेचे कार्य

शेतातील तुषार संचाची सर्व तोंडे एकाच वेळी पाणी फेकतात. अग्निशामक यंत्रणेत तसे होत नाही. छतालगतच्या नळात पाणी दाबाखाली भरलेले असते व प्रत्येक तोंड द्रव भरलेल्या काचेच्या लहान कुपीने बंद असते. नेहमीच्या लाल कुपीच्या बाबतीत तापमान 68 अंश सेल्सिअसला पोहोचले की कुपी फुटते आणि तेवढेच तोंड उघडते. म्हणजे जेथे आग, तेथेच पाणी.

पाणी किती लागते

शेतातील तुषार संच तासाला सुमारे 10 मिलिमीटर पाणी देतो. साधारण धोक्याच्या इमारतीसाठी आगीवर मिनिटाला 5 मिलिमीटर पाणी धरतात. प्लास्टिकच्या उंच थप्प्यांसाठी ते मिनिटाला 16 मिलिमीटर किंवा त्याहूनही अधिक लागू शकते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. 200 चौरस मीटर क्षेत्रावर मिनिटाला 16 मिलिमीटर पाणी द्यावयाचे तर मिनिटाला 3,200 लिटर, म्हणजे तासास 1,92,000 लिटर पाणी हवे. 5 मिलिमीटरच्या हिशेबाने हाच आकडा 60,000 लिटर येतो. यावरून असे दिसून येईल की, साधारण मालासाठी बसविलेली यंत्रणा प्लास्टिकच्या साठ्यास अपुरी पडते. मालाचा प्रकार किंवा थप्पीची उंची बदलल्यास तज्ज्ञाकडून टाकी, पंप व नळ यांचा हिशेब पुन्हा करून घ्यावा. यासंबंधी भारतीय मानक 15105 उपलब्ध आहे.

साठा करताना घ्यावयाची काळजी

1. थप्पी कमी उंचीची ठेवावी. तुषारतोंडाखाली किमान 45 सेंटिमीटर जागा मोकळी सोडावी. प्लास्टिकच्या उंच थप्प्यांसाठी 90 सेंटिमीटरपर्यंत जागा लागू शकते.
2. रिकामी क्रेट शक्यतो इमारतीबाहेर, भिंतीपासून दूर रचावीत.
3. पोटॅशियम नायट्रेटसारखी विद्राव्य खते प्लास्टिकजवळ मुळीच ठेवू नयेत. ती आगीस प्राणवायू पुरवितात.
4. दोन थप्प्यांमध्ये व दाराकडे मोकळी वाट ठेवावी.
5. गोदामात वेल्डिंग, विडी व उघडी वायर यांस मज्जाव असावा.
6. यंत्रणेची झडप कधीही बंद ठेवू नये. पंप नियमित चालवून पाहावा.

यंत्रणा नसलेल्या लहान गोदामात पहिल्या तीन सूचनांचे महत्त्व अधिकच आहे.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 अन्वये ही व्यवस्था करण्याची व ती चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालक व भोगवटादार यांच्यावर आहे. यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारी व जुलैमध्ये द्यावे लागते.

आग लागल्यास प्रथम माणसे बाहेर काढावीत, वीज तोडावी आणि 101 क्रमांकावर कळवावे. धुराने भरलेल्या गोदामात माल वाचविण्यासाठी कोणीही शिरू नये. माल पुन्हा घेता येतो, माणूस परत मिळत नाही. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील गोदामे या दृष्टीने एकदा पाहून घ्यावीत.