जुन्या रेंज रोव्हरचें वाजवी मोल

रेंज रोव्हर ही मोटार विलायतेंत १९७० सालीं विक्रीस आली. शेतांतून, ओढ्यांतून जावें आणि राजमार्गावरही सुखानें धांवावें, असा तिचा दुहेरी गुण. नवी असतां ती धनिकांसच परवडते. परंतु आठ-दहा वर्षांनीं तिचा भाव इतका उतरतो, कीं मध्यम प्राप्तीच्या गृहस्थासही मोह पडतो. येथेंच सावध राहिलें पाहिजे. गाडीचा भाव उतरतो. तिच्या सुट्या भागांचा उतरत नाहीं.

म्हणून मूळ किंमत विसरावी. त्याच वर्षाच्या, तितक्याच धांवलेल्या चार-पांच गाड्यांवरून मधला दर काढावा व त्यांतून दिसणाऱ्या दुरुस्तीचा खर्च वजा करावा. समजा, दर २० लाख आणि दुरुस्ती ४ लाख. तर १६ लाखांपुढें जाऊं नये.

दुरुस्ती ओळखावी कशी? १९९२ पासून या गाडीच्या कांहीं प्रकारांत पोलादी स्प्रिंगांऐवजीं हवेच्या पिशव्या आल्या. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळीं एका कोपऱ्यास खचलेली दिसली, तर हवा गळते असें समजावें. इंजिन थंड असतांनाच चालू करावें. खालचा गंज व तेलाचे ओघळ पाहावे. चढणीचा लो गिअर प्रत्यक्ष टाकून पाहावा.

भारतांत खाजगी मोटारीची नोंदणी प्रथम १५ वर्षांची असते. त्यांतील उरलेलीं वर्षें मोजावीं. नोंदणीपत्रावर कर्जाचा बोजा नाहीं, याची खात्री करावी. स्वस्त म्हणून घेतलेली गाडी दुरुस्तीअभावीं अंगणांतच उभी राहिली, तर ती स्वस्त कशाची?