वलगणीचे मासे
(इयत्ता सातवी)



मृग नक्षत्र लागले, दोन-तीन मोठे पाऊस पडले की आपल्याकडे जो तो एकच विचारतो, "वलगण आली काय रे?" शाळा नुकतीच उघडलेली असते. शनिवारची सकाळची शाळा सुटली की दप्तर घरात टाकायचे आणि शेतावर पळायचे. पेरणीसाठी मुंबईहून आलेले काका, त्यांची मुले, आपले बाबा, शेजारचे दादा, अशी सगळी टोळी शेतावरच्या खोपीत मुक्काम करते ती रविवारी संध्याकाळीच घरी येते. या दोन दिवसांत काय काय करतात, मासे का चढतात, कोणते धरावेत आणि कोणते सोडावेत, याची माहिती मी या लेखात देत आहे.

वलगण म्हणजे काय?

उन्हाळ्यात ओढे आटतात. तेव्हा मासे नदीच्या खोल कोंडीत जाऊन राहतात. पहिला मोठा पाऊस पडला की डोंगराचे गढूळ पाणी खाली येते. नदी, ओढा, पऱ्या आणि भाताचे खाचर ही सगळी पाण्याने एकमेकांना जोडली जातात. नव्या पाण्याची चाहूल लागली की मासे धारेच्या उलट वर चढू लागतात. लहान धबधब्यावरूनही उड्या मारतात. यालाच वलगण म्हणतात. काही गावांत 'चढणीचे मासे' असेही म्हणतात.

मासे उगाच चढत नाहीत. मादीच्या पोटात गाबोळी म्हणजे अंडी असतात. ती घालायला तिला उथळ आणि संथ पाणी हवे असते. खाचरात तसे पाणी मिळते. तिथे बारीक किडे, शेवाळ असे खाणे भरपूर असते आणि पिल्लांना गिळणारे मोठे मासे कमी असतात. पावसाळा सरत आला, पाणी ओसरू लागले की वाढलेली पिल्ले उतरत्या पाण्याबरोबर परत नदीत जातात. म्हणजे आपले खाचर ही माशांची बालवाडीच आहे.

मुक्कामाची तयारी

खोपीत जाताना तांदळाचे पीठ, मीठ, मसाला, सोले (सुकी आमसुले), काडेपेटी, बॅटरी, घोंगडी किंवा प्लास्टिकचा कागद आणि कोरडे कपडे घ्यावेत. काडेपेटी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळावी. ती भिजली तर चूल पेटत नाही आणि सगळे उपाशी राहतात. झोपायला जमिनीपेक्षा माळा बरा. पावसात बिळात पाणी शिरले की विंचू-साप कोरड्या जागेकडे येतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप सर्वांना ओळखता आले पाहिजेत.

गळ कसा करावा?

चांगली लवचिक काठी घ्यावी. तिला काठीएवढीच लांब तंगूस बांधावी. टोकाला गळ, त्याच्या वर वीतभर अंतरावर शिशाचा लहान तुकडा आणि त्याच्याही वर बुचाचा तुकडा बांधावा. गळाला गांडूळ लावावे. गळ टाकल्यावर बोलू नये, पाय आपटू नयेत. बूच थरथरले तर थांबावे. ते पाण्याखाली गेले की मग काठी उचलावी. आमचे आजोबा म्हणतात, "मासा गळाला लागत नाय, माणसाच्या धीराला लागतो."

शिंगटी मिळाली तर सांभाळून धरावी. तिच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंना काटे असतात. ते लागले तर हात ठणकतो.

रात्रीच्या चिंबोऱ्या

रात्री बॅटरी घेऊन बांधाबांधाने चिंबोऱ्या धरायला जातात. उजेड डोळ्यांवर पडला की चिंबोरी जागच्या जागी थांबते. तिला मागून धरावे. धरली की आधी उलटी करून पाहावी. पोटाखालची झडप अरुंद, त्रिकोणी असली तर नर. रुंद आणि गोल असली तर मादी. गोड्या पाण्यातली मादी अंडी आणि पिल्ले त्या झडपेखालीच सांभाळते. झडपेखाली पिल्ले दिसली तर तिला तिथेच सोडून द्यावे. एक सोडली तर पुढच्या वर्षी कितीतरी मिळतील.

कोणते मासे सोडावेत?

हा या लेखाचा मुख्य भाग आहे. तो नीट वाचावा.

एक किलो वजनाच्या रोहू माशाच्या मादीच्या पोटात दोन लाखांच्या आसपास अंडी असतात. आपल्या ओढ्यातले मासे लहान, त्यांची अंडी कमी. पण हिशेब तोच. चढताना धरलेली एक मादी म्हणजे एक मासा नव्हे, तिच्याबरोबर सगळी पिल्लेही गेली. गाबोळी चवीला फार छान लागते हे खरे आहे. पण ते बियाण्याचे भात शिजवून खाण्यासारखे आहे.

म्हणून पुढील नियम पाळावेत.

१. पोट फुगलेली मादी मिळाली तर सोडून द्यावी. सोडताना हात ओले करावेत. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मासा मरतो.

२. सापळा किंवा जाळे सबंध ओढ्याला आडवे लावू नये. अर्धी वाट माशांना मोकळी ठेवावी.

३. पाण्यावर लालसर पिल्लांचा थवा दिसला तर खाली मरळ राखणीला असते. तिला धरू नये. ती गेली की पिल्ले इतरांच्या तोंडी जातात.

४. एका वेळच्या कालवणापुरतेच मासे धरावेत.

५. पाण्यात औषध, ब्लीचिंग पावडर किंवा सुरुंग कधीही टाकू नये. त्याने लहानमोठे सगळे मासे मरतात आणि ते पाणी गुरे पितात. हा गुन्हा आहे. १८९७ सालच्या कायद्यापासूनच त्याला बंदी आहे.

पूर्वी लोक वलगणीला मासे आणि उन्हाळ्यात रानात पारध, असे दोन्ही करीत. ससा, भेकर, रानडुक्कर मारून आणत. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. आता शिकार केली तर तुरुंगवास होतो. तेव्हा मुक्कामाला जाताना फासे, बंदूक नेऊ नये. ससा दिसला तर पाहावा आणि जाऊ द्यावा.

समुद्रावरचे कोळीबांधवसुद्धा थांबतात. जून आणि जुलै महिन्यांत यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, कारण तो बऱ्याच माशांचा विणीचा काळ असतो. ज्यांचे पोटच माशांवर आहे ते दोन महिने थांबतात. मग हौसेसाठी जाणाऱ्या आपल्याला दोन आठवडे का थांबता येऊ नये?

आपल्या महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड आहे. तिथे वरदायिनी देवीचे ठाणे आहे. कोंडीतले मासे देवीचे मानतात, म्हणून ते कोणी धरत नाही. लोक उलट त्यांना खाऊ घालतात. त्यामुळे तिथे मोठमोठे मासे डोळ्यांनी पाहायला मिळतात. गावाने ठरवले तर मासे टिकतात, याचा हा जवळचा पुरावा आहे.

पाण्याशी खेळू नये

आपल्याकडे ऊन असले तरी डोंगरात पाऊस पडत असतो. सावित्री नदी महाबळेश्वरला उगम पावते. तिथे पाऊस झाला की इकडे पाणी चढते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा जुना दगडी पूल पुरात वाहून गेला आणि त्याच्याबरोबर गाड्या आणि माणसेही गेली. जे पाणी पूल नेते, त्याच्यापुढे आपण काय? पाणी एकदम गढूळ झाले, काटक्या-पाचोळा वाहून येऊ लागला की गळ तिथेच टाकून वर यावे. विजा चमकू लागल्या तर झाडाखाली उभे राहू नये. मोठे माणूस बरोबर असल्याशिवाय मुलांनी पाण्यात उतरू नये. पायाला जखम असेल तर चिखलात जाऊ नये, कारण लेप्टोचा ताप त्यातूनच येतो.

पालकांना विनंती

आजोबा सांगतात की त्यांच्या लहानपणी एका रात्रीत पाटी भरायची. आता दोन दिवसांत तांब्याभर मासे मिळाले तरी पोरे नाचतात. याला आपणच एकटे कारण नाही. बंधाऱ्यांनी माशांची वाट अडली, शेतातली औषधे पाण्यात उतरली, वाळू उपसली गेली. ते थांबवणे मुलांच्या हातात नाही. पण गाबोळीची मादी सोडणे आपल्या हातात आहे.

तरी पालकांनी ग्रामसभेत हा विषय काढावा. पहिले दोन आठवडे ओढ्यात सापळे लावायचे नाहीत, असे सगळ्या वाड्यांनी मिळून ठरवावे. एकट्याने सोडलेला मासा खालच्या वाडीत कोणीतरी धरतोच, म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवायला हवे. मग आम्ही मोठे होऊन आमच्या मुलांना घेऊन खोपीत मुक्कामाला जाऊ, तेव्हाही वलगण आलेली असेल.