चीक म्हणजे झाडाचं दूध नव्हे

रुईचं पान खुडलं की देठातून पांढरं दूध टपटपू लागतं. झाडाचं ते रक्तच, असं पुष्कळजण मानतात. पण झाडात पाणी जलवाहिन्यांतून चढतं, पानांनी तयार केलेली साखर रसवाहिन्यांतून फिरते, आणि चीक या दोन्हींत नसतो. त्याच्या नळ्या निराळ्या, जिवंत पेशींच्या असतात. त्यांत तो दाबाखाली भरलेला असतो, म्हणून जरासा ओरखडा उठला तरी बाहेर येतो. चाळीसहून अधिक कुळांतल्या वनस्पतींनी ही सोय केली आहे.

मग तो नको असलेला मळ असेल? तसंही नाही, आणि याचा सुंदर पुरावा पपईने दिला. 2004 साली जपानी संशोधकांनी तीन प्रकारच्या अळ्यांना पपईची पानं खायला घातली. सोयाबीनवाल्या शेतकऱ्यांना चांगली ठाऊक असलेली, तंबाखूची पानं खाणारी अळीही त्यांत होती. एरवी काहीही फस्त करणाऱ्या या अळीलाही ती पानं मानवली नाहीत. मग पानांच्या बारीक पट्ट्या कापून त्यांतला चीक धुऊन टाकला, तेव्हा मात्र अळ्या तीच पानं खाऊन वाढू लागल्या. मटण लवकर शिजावं म्हणून आपण कच्ची पपई लावतो. तिच्यातलं प्रथिनं तोडणारं पपेनच पपईच्या पानांची राखण करत होतं.

रुईच्या चिकात तर हृदयावर परिणाम करणारी विषं आहेत. म्हणून रुईला कीड लागत नाही, असं सर्रास सांगतात. रस्त्याकडेची रुई जरा निरखून पाहा. काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या पट्ट्यांचा प्लेन टायगर फुलपाखराचा सुरवंट तिथे हमखास सापडेल. तो आधी पानाच्या बुडाशी मोठं भोक पाडतो, तिथून चीक वाहून जातो, आणि मग पुढचं पान तो निवांत खातो. चिकाचं काम काय, हे या सुरवंटाइतकं नेमकं मला तरी कुणी समजावलेलं नाही.

आंब्याच्या देठाशी उडतो त्यालाही आपण चीकच म्हणतो. पण तो तेलकट, राळेसारखा असतो आणि वेगळ्या नलिकांतून येतो. सालीवर पडला तर काळे डाग उठतात. म्हणून जाणता बागायतदार झेल्याने देठासकट आंबा उतरवतो. ओठांवर फोड आणणारा हा आंबा काजू आणि बिब्ब्याच्याच कुळातला. बाभळीचा डिंक आणखी निराळा: चीक आधीपासून तयार असतो, डिंक मुख्यतः जखम झाल्यावर साचतो.

घातक गैरसमज एकच आहे, की रुईचा चीक औषधी म्हणून डोळ्याला चालतो. तो बुबुळाला इजा करतो. कधी दुखतसुद्धा नाही, नुसतं धूसर दिसू लागतं. चुकून उडालाच तर डोळा भरपूर पाण्याने धुवावा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं.