संरक्षित स्मारकांतील छायाचित्रण-बंदी : अजिंठ्याच्या दाखल्यावरून

लेणीं, मंदिरें व संग्रहालयें ह्यांच्या दाराशीं 'छायाचित्र घेण्यास मनाई आहे' ही पाटी संशोधकास वारंवार आडवी येते. ती वाचून कोणी निमूट परततो, कोणी पहारेकऱ्याशीं हुज्जत घालतो. परंतु ही मनाई कोणत्या कायद्यानें आली व कशाच्या रक्षणासाठीं आली ह्याची चौकशी क्वचितच होते. ती येथें थोडक्यांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करूं. ह्या बंदीच्या मुळाशीं कलाकृतीचा स्वामित्वहक्क आहे असें पुष्कळांस वाटतें. परंतु इ. स. १९५७ च्या कायद्याप्रमाणें तो हक्क सामान्यतः कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनीं संपतो. वाकाटककालीन चित्रांवर तो सांगणारा आज कोणीहि नाहीं. बंदीचा खरा आधार प्राचीन स्मारकांविषयींचा इ. स. १९५८ चा कायदा व त्याखालील १९५९ चे नियम हा होय. ह्या नियमांत रेखाटन, छायाचित्र, साचा व ठसा हीं सर्व 'प्रतिकृति' ह्या एकाच सदरांत धरलीं आहेत. विशिष्ट स्मारकाची प्रतिकृति लेखी परवानगीवांचून करूं नये, अशी आज्ञा पुरातत्त्व खात्याचे महासंचालक काढूं शकतात. अशी आज्ञा नसेल तेथें छायाचित्र घेण्यास कोणासहि मोकळीक आहे. मात्र कॅमेऱ्याची तिवई, खुर्ची किंवा मेज आंत आणणें, परांची बांधणें, भिंतीस पाणी अथवा तेल लावणें व शिलालेखाचा ठसा घेणें ह्यांस परवानगी लागते. ठसे घेणाऱ्या आमच्या मित्रांनीं हें कलम ध्यानांत ठेवावें. सारांश, नियमाचा मूळ रोख परवानगीकडे आहे. बंदी हा अपवाद होय. जुलै २०१८ मध्यें खात्यानें आपल्या स्मारकांत छायाचित्रणाची मुभा जाहीर केली, तेव्हां अपवाद तीनच ठेविले : अजिंठ्याचीं लेणीं, लेहचा राजवाडा व ताजमहालांतील समाधिगृह.

अजिंठा अपवादांत कां, ह्याचें उत्तर त्याच्या इतिहासांत आहे. इ. स. १८१९ मध्यें हीं लेणीं इंग्रजांच्या दृष्टीस पडलीं, आणि तीं पाहणाऱ्या जॉन स्मिथनें दहाव्या लेण्यांत आपलें नांव कोरून ठेविलें. १८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी चित्रांच्या नकला करूं लागले. रंग उठून दिसावे म्हणून चित्रांवर वार्निश चढविण्यांत आलें. पुढें निजाम सरकारनें आणविलेल्या इटालियन तज्ज्ञांनीं १९२०-२२ मध्यें रक्षणाच्याच हेतूनें लाखेचा लेप दिला. हे लेप कालांतरानें पिवळे व काळसर पडले आणि चित्रें त्यांखालीं झांकोळलीं. म्हणजे येथें अपाय झाला तो द्वेषामुळें नव्हे, प्रेमामुळें.

प्रकाशाचेंहि असेंच आहे. त्याचा अपाय साचत जातो. एकदां उडालेला रंग अंधारांत ठेवून परत येत नाहीं. फ्लॅशच्या एका झोताचा परिणाम अत्यल्प, आणि तासन्‌तास जळणारा दिवा कित्येकदां त्याहून अधिक घातक. तथापि जेथें प्रेक्षकांची रीघ लागते तेथें हिशेब एका झोताचा राहत नाहीं. संग्रहालयें हस्तलिखितांवर साधारणतः ५० लक्सहून अधिक उजेड पडूं देत नाहींत, तें ह्याच कारणानें.

आतां दुसरी बाजू पाहूं. मेजर गिल ह्यांनीं १८४४ पासून जवळजवळ वीस वर्षें खपून अजिंठ्याच्या नकला केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ मध्यें लंडननजीक सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगींत जळाल्या. ग्रिफिथ्स ह्यांच्या पुष्कळ नकला १८८५ च्या साऊथ केन्सिंग्टन येथील आगींत गेल्या. उलट गिल ह्यांनीं घेतलेलीं ७४ छायाचित्रें फर्ग्युसनच्या १८६४ च्या ग्रंथांत छापलीं गेलीं, म्हणून तीं उरलीं. गुलाम याझदानी ह्यांचे १९३० ते १९५५ ह्या काळांत निघालेले चार भाग आज चित्रांच्या तत्कालीन स्थितीचे साक्षी आहेत. गिलावा गळून पडला कीं असें जुनें छायाचित्र हाच पुरावा उरतो. तेव्हां जेथें बंदी अवश्य आहे तेथें एकदां काळजीपूर्वक घेतलेलें अधिकृत छायाचित्र अभ्यासकांस सुलभ असलें पाहिजे. नाहीं तर बंदीनें वस्तूबरोबर तिची स्मृतीहि नष्ट होण्याचा संभव आहे.

हा न्याय सरकारी पाट्यांपुरताच नाहीं. आपल्या दफ्तरांतील कागदाचें छायाचित्र घेऊं न देणारे संग्राहक आमच्या वाचकांतहि असतील. त्यांनीं स्वतःस एकच प्रश्न विचारावा : ही मनाई कागदासाठीं आहे कीं आपल्या मालकीच्या अभिमानासाठीं? पहिल्या पक्षीं फ्लॅश वर्ज्य करावा, कागद उलगडण्याचें काम स्वतः करावें, आणि मंद उजेडांत छायाचित्र घेऊं द्यावें. दुसऱ्या पक्षीं ५ जानेवारी २००४ चा दिवस आठवावा. त्या दिवशीं पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर जमाव चालून आला आणि पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या संग्रहाची कांहीं तासांत नासधूस झाली. वाळवी, पूर व आग तर आमंत्रणाचीहि वाट पाहत नाहींत. मूळ कागद एकाच घरीं राहील. त्याची प्रतिमा चार ठिकाणीं असूं द्यावी, इतकेंच आमचें सांगणें आहे.