रील चालत नाही म्हणून कोर्स घेताय? आधी ही चार पुस्तकं वाचा

कोंढा हे भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातलं गाव. आजूबाजूला सगळी धानाची शेती. समजा, इथल्या एखाद्या पोरानं किंवा पोरीनं शेतीचं चॅनल काढलं. चाळीस व्हिडिओ टाकले, तरी व्ह्यूज काही वाढेनात. मग फोनवर जाहिरात येते, ‘क्रिएटर कोर्स, फक्त शेवटच्या काही जागा!’ आणि धानाच्या चुकाऱ्यातले पैसे तिकडे जातात.

पण या कोर्समधलं बरंचसं मूळ ज्ञान जुन्या पुस्तकांत आहे. ते काय आहे आणि मोबाइलवर कसं वापरायचं, तेच समजून घेऊ.

आपल्याकडे हे १९२० सालीच झालंय

सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीत लोखंडी नांगर बनायचे. पण लोखंडानं जमिनीत विष पसरतं, अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती. त्यामुळे सुरुवातीचे नांगर खपवताना लक्ष्मणराव किर्लोस्करांचा चांगलाच घाम निघाला.

पुढे १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. कारखान्याची माहिती लोकांपर्यंत पोचवायला काढलेलं हे पत्र. त्यात वाचकांच्या कामाचा आणि आवडीचा मजकूर येऊ लागला आणि त्यातूनच ‘किर्लोस्कर’ हे मराठीतलं गाजलेलं मासिक उभं राहिलं. आज याला कंटेंट मार्केटिंग म्हणतात. आधी वाचकाला काहीतरी द्यायचं, विक्री नंतर. हे सूत्र शंभर वर्षं जुनं आहे.

१. फिलिप कोटलर : ‘मार्केटिंग मॅनेजमेंट’ (१९६७)

पुस्तक जाडजूड आहे, सगळं वाचायची गरज नाही. ग्राहकांचे गट पाडणं आणि त्यातला आपला गट निवडणं, एवढी प्रकरणं पुरेत. प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस आणि प्रमोशन हे ‘चार पी’ही यात भेटतात. ते जेरोम मॅकार्थी यांनी १९६० साली मांडले आणि कोटलर यांच्या पुस्तकामुळे जगभर पोचले.

क्रिएटरसाठी प्रॉडक्ट म्हणजे व्हिडिओ आणि प्लेस म्हणजे यूट्यूब, इन्स्टा किंवा गावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. किंमत? व्हिडिओ फुकट असला तरी बघणारा त्याचा वेळ मोजतो. पहिली पंधरा सेकंदं ‘नमस्कार मित्रांनो’मध्ये घालवली, तर ती किंमत त्याला महाग वाटते आणि तो पुढे सरकतो.

२. अल राईस आणि जॅक ट्राऊट : ‘पोझिशनिंग’ (१९८१)

या पुस्तकाचा मुद्दा साधा आहे. लोकांच्या डोक्यात एका नावासाठी एकच छोटी जागा असते, ती पकडा. ‘शेतीची माहिती’ देणारी चॅनल ढिगानं आहेत. ‘धानावरचा तुडतुडा, खोडकिडा आणि गादमाशी, तेही झाडीबोलीत’ असं सांगणारी किती सापडतील?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे यांचं ‘आपली आजी’ बघा. २०२० साली सुरू झालेल्या या चॅनलचं नाव घेतलं की आजीच्या हातचा गावाकडचा स्वयंपाक डोळ्यांपुढे येतो. पोझिशनिंग म्हणतात ते हेच.

३. क्लॉड हॉपकिन्स : ‘सायंटिफिक अ‍ॅडव्हर्टायझिंग’ (१९२३)

हॉपकिन्स जाहिरातीत कूपन छापायचे आणि कोणत्या जाहिरातीची किती कूपनं परत आली, ते मोजायचे. अंदाजावर चालायचं नाही, छोट्या प्रमाणात करून बघायचं आणि आकडे सांगतील ते ऐकायचं.

आज तुमचं कूपन म्हणजे स्टुडिओतला रिटेन्शन ग्राफ. लोक नेमक्या कोणत्या सेकंदाला सोडून जातात, ते तिथं दिसतं. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदला. शीर्षक, थंबनेल आणि वेळ तिन्ही बदलली, तर फरक कशानं पडला ते कळणार नाही. हॉपकिन्स १९३२ साली वारले, म्हणून भारतात या पुस्तकाचा कॉपीराइट संपलाय. नेटवर ते मोफत वाचता येतं.

४. रॉबर्ट चाल्डिनी : ‘इन्फ्लुएन्स’ (१९८४)

लोक ‘हो’ का म्हणतात, याची सहा कारणं चाल्डिनी सांगतात. कुणी काही दिलं की परतफेड करावीशी वाटते. एकदा शब्द दिला की तो पाळावासा वाटतो. चारचौघं करतात ते बरोबर वाटतं. आवडत्या माणसाचं आणि जाणकाराचं आपण ऐकतो. आणि संपत आलेली गोष्ट जास्त हवीशी वाटते.

आता ती कोर्सची जाहिरात आठवा. ‘हजारो विद्यार्थी’ म्हणजे चारचौघं आणि ‘शेवटच्या जागा’ म्हणजे संपत आलेली गोष्ट. हे पुस्तक विकायला शिकवतं, तसंच फसण्यापासून वाचवतंही.

पुस्तकं काय शिकवत नाहीत?

अल्गोरिदम, एडिटिंग आणि पैसे सुरू होण्याच्या अटी पुस्तकात मिळणार नाहीत. यूट्यूबवर जाहिरातींचं उत्पन्न सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास वॉचटाइम (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज) लागतात. या अटी बदलतात, त्यामुळे त्या थेट यूट्यूबच्या हेल्प पेजवरच बघा.

आणि भारतातला कायदाही या अमेरिकी पुस्तकांत नाही. उद्या एखाद्या दुकानदारानं खताची किंवा बियाण्याची पोती देऊन ‘चांगलं सांग’ म्हटलं, तर ती जाहिरात आहे हे सांगावंच लागतं. केंद्राच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हा खुलासा जाहिरातीच्याच भाषेत हवा. म्हणजे मराठी व्हिडिओवर ठळक मराठीत ‘जाहिरात’ असं लिहायचं. दिशाभूल करणारी जाहिरात केली, तर ग्राहक संरक्षण कायद्याखाली १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय कोंढ्यासारख्या गावात प्रेक्षक शेजारचाच शेतकरी असतो. बियाणं उगवलं नाही, तर तो घरी येऊन विचारेल.

सुरुवात कुठून करायची?

हॉपकिन्सपासून. पुस्तक छोटं आहे आणि फुकट आहे. एक प्रकरण वाचा, त्यातली एकच गोष्ट पुढच्या व्हिडिओत करून बघा आणि आकडा वहीत लिहा. बाकीची पुस्तकं वाचनालयात विचारा किंवा दोघा-तिघांत मिळून घ्या. दहा व्हिडिओंनंतर वही उघडा. कोर्स हवाच आहे का, आणि हवा असेल तर नेमका कशाचा, हे तोवर तुमचं तुम्हालाच कळलेलं असेल.