तिथीची पाऊणपट

खाडीवर आठवडाभर राहून गरीने मासे धरायचे ठरले, की माणसं पहिल्यांदा सुट्टी बघतात. नाताळची, नाहीतर शनिवार-रविवारला जोडून येणारी. मग खोली बघतात, मग गाडी. पाणी कुणी बघत नाही. दरवर्षी मला चार-दोन फोन येतात, 'दाभोळच्या जेटीवर मासे लागतात ना?' मी उलट विचारतो, 'जाणार त्या दिवशी तिथी कोणती?' पलीकडे शांतता पसरते. मुसलमानाने तिथी विचारावी याचं काहींना नवल वाटतं, तर काहींना वाटतं कवी आहे, चंद्राबिंद्राचं काही सुचलं असेल. कवींनी चंद्राला फार राबवलंय हे खरं. पण खाडीवर त्याचं काम साधं, घड्याळाचं आहे.

कोकणपट्टीत एक हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास पाणी पूर्ण भरणार. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. भरतीच्या वेळेत सहा तास आणि वर थोडी मिनिटं मिळवली की ओहोटीचा तळ. मिनिटाचा काटा जुळणार नाही. खाडीत जसजसं आत जावं तसतशी भरती उशिरा पोचते. पण अर्ध्यापाऊण तासाच्या फरकाने हा हिशेब बरोबर येतो, आणि गरी टाकून बसणाऱ्याला तेवढं पुरतं.

यामागचं कारण असं. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी मारते तोवर चंद्रही पुढे सरकलेला असतो. त्याला पुन्हा त्याच जागी गाठायला पृथ्वीला सुमारे पन्नास मिनिटं जास्त लागतात. म्हणून भरती रोज तेवढी मागे पडते. पन्नास मिनिटांची जुन्या लोकांनी पाऊण तास केली, कारण पाऊणकी तोंडपाठ असायची. आता पावकी-निमकीच गेली, तर पाऊणकी कुठून येणार? मोबाइलवर भरतीचं कोष्टक मिळतं, ते अधिक अचूकही असतं. मात्र कोष्टक आजची वेळ सांगतं. तिथीवरून आठवडा कसा उलगडत जाणार ते कळतं, आणि सुट्टी आठवड्याचीच घ्यायची असते.

दुसरी गोष्ट पाण्याच्या जोराची. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत येऊन पाणी ओढतात, तेव्हा उधाण येतं. उधाणाचा खरा जोर त्यानंतर एक-दोन दिवसांनी दिसतो. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ एकमेकींना काटकोनात असते, पाणी कमी चढतं आणि कमी उतरतं. त्याला भांग म्हणतात. मुंबईला मोठ्या उधाणाचं पाणी साडेचार मीटरच्या वर जातं. दक्षिणेकडे गोव्यापर्यंत हा फरक कमी होत होत निम्म्यावर येतो, आणि दाभोळ मधेच कुठेतरी बसतं. उधाणाला खाडी गढूळ होते, ओढ इतकी की अर्धा पाव शिसं लावलं तरी गरी तळाला टिकत नाही. भांगाला पाणी निवळतं, हलक्या शिशावर काम भागतं आणि मासा आमिष बघून, वास घेऊन येतो. म्हणून नवख्या माणसाला मी पंचमी ते द्वादशी असा आठवडा सांगतो, म्हणजे भांग बरोबर मध्ये येतो. महिना मार्गशीर्ष किंवा पौष, कारण तेव्हा सकाळी जमिनीकडून मतलई वारा वाहतो आणि खाडी तळ्यासारखी पडून असते.

आमच्या घरी भिंतीवर पंचांगाचं कॅलेंडर असतं तसं हिजरीचंही. दोन्हींचा चंद्र एकच. ईदचा चांद बहुधा द्वितीयेच्या संध्याकाळी दिसतो, तेव्हा चांदाच्या तारखेत एक, कधी दोन मिळवले की तिथी आली. पुढे तीच पाऊणपट. फरक एका ठिकाणी पडतो. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं. त्यात अधिक मास नाही, त्यामुळे रमजान कधी उन्हाळ्यात येतो, कधी थंडीत. भरती किती वाजता ते हिजरी तारीख सांगेल, पण पावसाळा कधी उघडेल ते सांगणार नाही. त्यासाठी अधिक मासाने ऋतूंशी बांधून ठेवलेले महिने हवेत, आणि नारळी पौर्णिमा हवी. किनाऱ्यावरच्या मुसलमान घरांतही नारळी पौर्णिमा कधी आहे हे विचारलं जातं ते याचसाठी.

आता दाभोळविषयी. वाशिष्ठी नदी चिपळूणवरून वाहत येऊन इथे समुद्राला मिळते. एकेकाळचं हे मोठं बंदर. पंधराव्या शतकात अफानासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी हिंदुस्थान पाहून परत निघाला तो इथूनच. किनाऱ्यालगत आदिलशाही काळातली दगडी मशीद आहे. पलीकडच्या धोपाव्याला जायला २००३ पासून गाड्या नेणारी फेरीबोट आहे. गरी घेऊन बसायचं ते फेरीबोट लागते तिथून दूर. पंख्याने ढवळलेल्या पाण्यात मासा थांबत नाही, आणि तंगूस पंख्यात गेला तर शिव्या खाव्या लागतात त्या वेगळ्याच.

पहिले दोन-तीन दिवस जेटीवरच घालवावेत. फिरकीची काठी असेल तर उत्तम, नसेल तर पाटीला गुंडाळलेला तंगूस, एक शिसं आणि एक गरी एवढ्यावर सगळं भागतं. आमिषाला जिवंत कोळंबी सर्वांत चांगली. ती नसली तर तारलीचा तुकडा, नाहीतर माकुलाची पट्टी, जी लवकर सुटत नाही. जेटीच्या खांबांवर कालवं-शिंपले बसलेले असतात. पाणी चढू लागलं की ते खाणारे आणि त्यांच्यात लपणारे छोटे जीव हलू लागतात आणि त्यांच्या मागे पालू, तांबोशी, लहान गोब्रे खांबांशी येतात. म्हणजे मासा पाण्याबरोबर येतो. पाणी भरून थबकलं की अर्धा तास सारं थंड. तेव्हा चहा घ्यावा. पुन्हा सुकती लागली की तोंडं चालू. अष्टमीच्या आसपास भरती संध्याकाळी सहाला, ऐन तिन्हीसांजेला येते. सबंध आठवड्यातला तो तास मी कशासाठीही सोडत नाही. मगरिबची अजान होते, खांबांखाली पाणी काळं पडतं आणि बोटावरच्या तंगूसाला दोन हलके टिचके बसतात.

जेटीवर सर्वांत जास्त लागतो तो शिंगाळा, आणि शहरातून आलेला माणूस नेमका त्यालाच हातात धरतो. त्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असे विषारी काटे असतात. काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवावा, विष उष्णतेने निकामी होतं आणि ठणका उतरतो. मग डॉक्टर गाठावा, काटा आत मोडलेला असू शकतो. आणखी एक. मासा जबीहा न करता हलाल आहे, म्हणून त्याला फळीवर तासभर तडफडत ठेवायची परवानगी आहे असं नाही. डोक्यावर एक नेमका घाव घालावा आणि बर्फात टाकावा. तो चवीलाही चांगला राहतो.

होडी घ्यायची ती षष्ठी ते दशमीत, आणि वल्ह्याची किंवा छोट्या मशीनची. मी ज्यांच्या होडीत बसतो त्या मामांचं वय सत्तरीकडे झुकलेलं आहे. ते पंचांग बघत नाहीत, होडी बांधायच्या खुंट्यावरचा ओला पट्टा बघतात. त्यांनी मला खाडीत वर नेऊन पाणी चाखायला लावलं होतं. पावसाळा संपून महिने उलटले तरी जिभेला मीठ कमी लागतं. कोकणातल्या बाकीच्या खाड्या उन्हाळ्याकडे आत खोलवर खारट होत जातात. वाशिष्ठी तशी होत नाही, कारण कोयनेचं वीज करून झालेलं पाणी पोफळी-कोळकेवाडीवरून हिच्यात सोडलं जातं. कृष्णा लवादाने या पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला ६७.५ अब्ज घनफुटांची वार्षिक मर्यादा घातली आहे. शहरात संध्याकाळी दिवे लागतात, त्याचं पाणी इथे खाडीला येतं. चिपळूणच्या बाजूला याच पाण्यात मगरी आहेत, तेव्हा होडीतून पाय सोडून बसू नये.

गोडं आणि खारं पाणी जिथे मिसळतं, तिथे जिताडा असतो. काही ठिकाणी त्याला खजुरा म्हणतात. हा मासा जन्मतो, वाढतो आणि वयात येतो तो नर म्हणून. काही वर्षं नर म्हणून काढल्यावर तो मादी होतो. पाच-सात किलोंच्या पुढे गेलेला जिताडा जवळजवळ नक्की मादीच असतो आणि एका हंगामात लाखोंनी अंडी घालतो. गोब्र्याचं नेमकं उलट, तिथे मादी पुढे नर होते. आणि ज्याच्या काट्यांना आपण घाबरतो त्या शिंगाळ्यातला नर अंडी तोंडात धरून पिल्लं निघेपर्यंत फिरतो. तोवर तो खात नाही. म्हणून असा बाप गरीला लागत नाही, जाळ्यात मात्र सापडतो. शिंगाळ्यांचे थवेच्या थवे तोंडातल्या अंड्यांसकट पर्ससीन जाळ्यांत गेले, हे त्यांच्या घटीचं एक मोठं कारण मानलं जातं.

हे सगळं मला ठाऊक होतं त्या वर्षी मामांच्या होडीत एक जिताडा लागला. पाऊण तास तंगूस देत-घेत वर काढला, आठ किलोंच्या आत-बाहेरचा. मी म्हटलं, 'मामा, ही मादी आहे. सोडू या.' त्यांनी मासा फळीवर घेतला, कल्ल्याखाली हात घातला आणि म्हणाले, 'तुम्ही सुट्टीला आलाव, भाई. मी नाय.' चांगल्या जिताड्याला किलोमागे कित्येकशे रुपये मिळतात. होडी त्यांची, मशीनचा हप्ता त्यांचा, आणि खाडीच्या रिवाजाप्रमाणे मासाही होडीचा. बाहेर दर्यात दिवे लावून रात्रीत टनावारी मासा उचलतात त्यांना कुणी विचारत नाही, एवढंच ते पुढे बोलले. मासा लिलावात गेला. पोटात अंडी नव्हती, तो हंगाम पावसाळ्याच्या तोंडाशी असतो.

कायदे नाहीत असं नाही. सागरी मासेमारी नियमनाचा राज्याचा कायदा १९८१चा. पर्ससीनवर २०१६ मध्ये निर्बंध आले, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर २०१७ मध्ये केंद्राने बंदी घातली, २०२१ मध्ये राज्याने दंड वाढवले आणि २०२३ मध्ये अनेक जातींसाठी किमान आकार ठरवून दिला. जून-जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते. पण किमान आकाराचा नियम लहान माशाला वाचवतो, जिताड्यात वाचवायला हवी ती मोठी. आणि तिला वाचवायचा भार सत्तरीच्या म्हाताऱ्याच्या एका दिवसाच्या कमाईवर टाकणं मला पटत नाही.

तेव्हापासून मी होडीत पाय ठेवण्याआधी व्यवहार ठरवतो, तुम्हीही ठरवावा. दिवसाचं भाडं नेहमीपेक्षा जास्त द्यायचं. चार किलोंपर्यंतचा मासा होडीचा, त्यातून आपल्या जेवणापुरता आपण विकत घ्यायचा. त्याहून मोठा जिताडा पाण्यातच गरी काढून सोडायचा, त्याच्या पैशाची बोली आधीच झालेली. गरीचा काटा चिमट्याने दाबून ठेवावा म्हणजे ती सहज निघते. मामांनी ही अट पहिल्या वर्षी हसत मान्य केली, दुसऱ्या वर्षी भाडं वाढवून मागितलं. मी दिलं. आलेल्या पाहुण्यांना आता तेच ही अट सांगतात आणि 'मोठा लागला तर फोटो काढा' असं वर बजावतात.

दशमीनंतर पाण्याला पुन्हा ओढ लागते. या दिवसांत खाडीच्या तोंडाशी होडी नेऊ नये. तिथे वाळूची दांडी आहे. दुपारी खारा वारा आत येत असताना सुकती बाहेर धावू लागली की लाटा उभ्या राहतात, आणि छोट्या होडीला तेवढं पुरतं. जीवरक्षक जाकीट अंगात असावं, फळीखाली नव्हे. दुपारी पाणी उतरलं की चिखलाच्या कडेने फग लावून चिंबोऱ्या धराव्यात. पौर्णिमेकडे त्या पोकळ लागतात, अमावास्येला भरलेल्या, असं इथे सगळेच सांगतात. पोटाशी अंड्यांचा झुबका असलेली परत टाकावी.

निघताना जेटीवर तुटलेला तंगूस पडलेला असतो, आपला आणि दुसऱ्यांचाही. तो गोळा करून घरी न्यावा. याच महिन्यांत शेजारच्या किनाऱ्यांवर, गुहागरला आणि वेळासला, ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या अंडी घालायला वाळूवर येतात, आणि तंगूस पाण्यात कुजत नाही. माझ्या पिशवीत मागच्या खेपेला मूठभर निघाला, त्यातला निम्मा माझाच होता.