आखाड्यावर पवनचक्की : आधी जागा पारखा

राणीसावरगाव हे गंगाखेड तालुक्यातील बालाघाटच्या डोंगराळ पट्ट्यातील गाव. येथील माळावर आषाढात उभे राहिले की आखाड्यासाठी एखादी लहान पवनचक्की बसवावी, असे कोणालाही वाटेल. मात्र अंगाला लागणारा वारा आणि वीज देणारा वारा यांत फरक आहे.

वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा झाला की शक्ती एक अष्टमांश उरते. दोन मीटर व्यासाचे चक्र सेकंदाला ६ मीटर वेगाच्या वाऱ्यात सुमारे ९५ वॅट, तर ३ मीटर वेगात जेमतेम १२ वॅट वीज देते. माहितीपत्रकातील क्षमता बहुधा ११-१२ मीटर वेगाची असते. तिच्यावर हिशेब मांडू नये. पाच अश्वशक्तीच्या पंपाला सुमारे ३.७ किलोवॅट लागतात, तेव्हा विहिरीवरची मोटार यावर चालेल ही आशा सोडावी. प्रश्न दिवे, पंखा, रेडिओ एवढ्याचाच आहे.

मराठवाड्यात जून ते ऑगस्ट वारा जोरात असतो व दिवाळीच्या सुमारास पडतो. म्हणून नोंदी मृगापासून होळीपर्यंत, जमल्यास वर्षभर, वेगमापकाने घ्याव्यात. कृषी वेधशाळेचे आकडे पाहताना मापकाची उंची विचारावी. तेथे वेग साधारणतः ३ मीटरवर मोजतात. मोकळ्या माळावर १८ मीटर उंचीवर तो अंदाजे तीस टक्क्यांनी अधिक, म्हणजे शक्ती दुपटीहून थोडी जास्त मिळते.

सर्वांत जास्त फसगत झाडांमुळे होते. दहा मीटर उंचीच्या लिंबामागे वारा सुमारे दोनशे मीटरपर्यंत घुसळलेला राहतो आणि झाडाच्या दुप्पट उंचीपर्यंत त्याचा त्रास जाणवतो. अशा वाऱ्यात वीज कमी व पात्यांची झीज जास्त. खांब पश्चिम-नैऋत्येला मोकळ्या असलेल्या उंचवट्यावर घ्यावा. शंभर मीटरच्या आतील सर्वांत उंच झाडाहून चक्र दहा मीटर वर असावे. माळवदावर किंवा पत्र्यावर चक्की बसवू नये, हादऱ्याने भिंती खिळखिळ्या होतात.

खोलगटातील काळ्या रानासाठी सौर पॅनेलच बरे. माळ उघडा असेल तर दोन्ही जोडावीत, कारण ढगाळ श्रावणात पॅनेल मंदावते तेव्हा वारा असतो. खांब घरापासून त्याच्या पूर्ण उंचीपेक्षा लांब रोवावा, ताणतारा औताच्या वाटेत येऊ देऊ नयेत आणि वळवाच्या विजांपूर्वी अर्थिंग तपासून घ्यावे.